त्रायको म्हणजे टिको

बहरीनहून परतल्यावर शाळेतल्या बायकांनी आधी माझ्या हातांकडे पाहिलं. नव्या बांगड्या दिसल्या नाहीत, तेव्हा निम्म्या जणी आपापल्या वर्गावर निघून गेल्या. उरलेल्यांनी विचारलं, "मग तिथे तीन महिने केलंत तरी काय?" मी म्हटलं, "बहिणीचं बाळंतपण. आणि एका आडनावाचा अर्थ शिकले." त्यावर त्याही गेल्या. म्हणून हे सगळं सावकाश लिहून काढते आहे.

मुहर्रक

ब्याऐंशी सालच्या नोव्हेंबरात, दिवाळी आटोपून मी निघाले. माझी धाकटी बहीण विजू तेव्हा सात महिन्यांची गरोदर होती. तिचा नवरा सुधाकर बहरीनला जहाजं दुरुस्त करायच्या गोदीत क्रेनचा मेकॅनिक. आई कधीच गेलेली, वडील दोन वर्षांपूर्वी गेले. तेव्हा बाळंतपणाला जायला मीच. मी कुडाळजवळच्या एका हायस्कुलात मराठी शिकवते, लग्न केलेलं नाही, आणि इतक्या वर्षांत रजा साठली होती.

विमान मुहर्रक बेटावर उतरलं. सुधाकर घ्यायला आला होता. मनामा या राजधानीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना समुद्र होता, पण आमच्यासारखा उसळणारा नव्हे. ताटात वाढून ठेवल्यासारखा उथळ, हिरवट, गप्प. माड कुठे दिसतात का म्हणून मी बघत होते. दिसल्या त्या खजुरी, धुळीने माखलेल्या.

"पाऊस कधी येतो रे इथे?" मी विचारलं.

"येता कधीतरी, इंशाल्ला," सुधाकर म्हणाला. "इलो की पोरांका शाळेक सुट्टी."

उम्म अल हस्सम भागातल्या घरी पोचल्यावर विजूने दार उघडलं. मी तिला जवळ घेतलं, तर तिने मला हळूच बाजूला केलं आणि पोटावर हात ठेवून उभी राहिली. तिची याआधीची दोन मुलं गेली होती. एक सातव्या महिन्यातच, दुसरा मुलगा जन्मून चौथ्या दिवशी. दुसऱ्याचं नावही ठेवायचं राहून गेलं होतं.

मी पिशवीतून जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी काढली. ती न बघताच ती म्हणाली, "ताई, ती आत ठेव. आणि नावाबिवाचा इषय माझ्यासमोर काढू नको."

उम्म अल हस्सम

इमारत चार मजल्यांची, सगळे मजले एकसारखे, सगळी दारं तपकिरी. तिसऱ्या दिवशी मी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले. परत येताना जिन्यात करपल्याचा वास आला. विजू गॅसवर काहीतरी ठेवून झोपली, असं वाटून मी पायऱ्या धडाधडा उतरले, उघडं दार दिसलं तशी थेट स्वयंपाकघरात शिरले, आणि गॅस बंद केला.

शेगडीसमोर एक अनोळखी उंच गोरा माणूस उभा होता. पांढऱ्या मिशा, कमरेला बायकी एप्रन, हातात चिमटा. चिमट्यात काळीठिक्कर झालेली एक लाल मिरची. टेबलावर तशाच मिरच्यांचा ढीग. मी एक मजला जास्त उतरले होते.

मी इंग्रजीत माफी मागू लागले. त्याने गॅस पुन्हा पेटवला, मला खुर्ची दाखवली आणि मिरचीची काळी साल सोलून तिचा लालभडक गर पावाच्या तुकड्यावर पसरला, वर चिमूटभर मीठ टाकलं. आपण वांगं भाजतो तसा धुराचा वास, पण चव गोडसर, तिखटपणा नावाला नाही. त्यांच्याकडे शरद ऋतूत घरोघरी अशा मिरच्या भाजतात, वाटतात, बरण्या भरतात. त्याला आयवार म्हणतात. आपल्या उन्हाळ्यातल्या कुळथाच्या पिठासारखाच वर्षभराचा उद्योग.

एवढ्यात त्याची बायको बाजारातून आली. स्वयंपाकघरात साडीतली बाई पाव खात बसलेली बघून ती बिचकली नाही. तिने एका बशीत चमचाभर काहीतरी घातलं आणि शेजारी पाण्याचा ग्लास ठेवला. पाकातलं कोवळं अंजीर होतं. आलेल्या माणसाला आधी गोड, मग पाणी, मग कॉफी. आमच्याकडे गूळ-पाणी देतात, मी म्हटलं. ती नवऱ्याकडे वळून त्यांच्या भाषेत काही बोलली आणि दोघं हसली. त्याने मग मला सांगितलं, ती म्हणाली होती, "बघ, ही तर आपल्याच गावची निघाली."

त्यांचं गाव युगोस्लाव्हियात, मॅसेडोनिया नावाच्या डोंगराळ भागात. तो सुधाकरच्याच गोदीत इंजिनियर होता. बायकोचं नाव वेरा. त्याचं नाव रिस्तो, आणि आडनाव दारावर होतं ते मी ट्राजकोव्हस्की असं वाचलं.

"त्रायकोव्स्की," वेराने सुधारलं. "पण मी त्रायकोव्स्का."

"म्हणजे?"

"तो पुरुष, मी बाई."

मराठी शिकवणाऱ्या बाईला यापेक्षा आणखी काय हवं. आपण म्हणतो त्याचा मुलगा, त्याची मुलगी. तसं त्यांच्याकडे आडनावही बायकांसाठी बदलतं. व्हिसाच्या वेळी एका कारकुनाने दोघांची आडनावं वेगळी बघून विचारलं होतं, तुमचं लग्न नक्की झालंय ना. वेराने लग्नाचा फोटो काढून दाखवला, तेव्हा कुठे शिक्का बसला.

घरी पोचले तर विजू दारात उभी. "खंय होतंस गो इतको वेळ? कपडे वाळत घालूक गेल्लंस की सौदीक?"

कॉफी आणि तीन कारकून

मग रोज दुपारी चारच्या सुमाराला मी खाली जाऊ लागले. विजू त्या वेळी झोपायची. रिस्तोची सकाळची शिफ्ट असली की तोही घरी असे. लांब दांड्याच्या तांब्याच्या भांड्यात कॉफी उकळायची, पेल्यात खाली गाळ बसायचा. पहिल्या दिवशी मी तो गाळही प्यायले. कोणी बोललं नाही, दुसऱ्या दिवशी वेराने मला पेला हलवू नको एवढंच सांगितलं.

एकदा मी आडनावाचा अर्थ विचारला. रिस्तोने वर्तमानपत्राच्या कडेवर पेनने लिहून दाखवलं. त्रायको हे त्याच्या आजोबांचं नाव. 'ओव' लावलं की त्रायकोचा. 'स्की' लावलं की त्याच्या घराण्यातला.

"आणि त्रायको?"

"आमच्या भाषेत त्राए म्हणजे टिकतो. राहतो. आजोबांच्या आधी त्यांच्या आईची तीन मुलं गेली होती. चौथा झाला तेव्हा पणजीने त्याला गुंडाळून गावाबाहेरच्या पुलावर ठेवलं आणि स्वतः झाडामागे लपून राहिली. पहिला जो कोणी येईल तो त्याचा धर्मपिता, आणि तो सांगेल ते नाव. असा रिवाज होता. मीठ लादलेलं गाढव घेऊन एक म्हातारा आला. त्याने पोराला उचललं, झाडामागे रडणारी बाई त्याला ऐकू आली असणार, आणि तो म्हणाला, नेका त्राए. टिको."

"टिकला?"

"नव्वद वर्षं. शेवटपर्यंत स्वतःचं लाकूड स्वतः फोडायचा."

 रिस्तो आता रंगात आला होता. तो स्वतः जन्मला तेव्हा तिथे सर्ब राजाचं राज्य होतं, म्हणून कारकुनाने त्याला त्रायकोविच लिहिलं. दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईत बल्गेरियन आले, शाळेतल्या हजेरीत तो त्रायकोव झाला. लढाई संपली, नवा कारकून आला, त्याने त्रायकोव्स्की केलं. चौदा वर्षांत तीन आडनावं.

"माणूस तोच, घर तेच, परसातलं आलुबुखारचं झाड तेच. शेपूट बदललं. त्रायकोला मात्र कोणी हात लावला नाही."

मग त्याने माझ्या वहीवरच्या नावाकडे बोट केलं. वहीवर मी नेहमीसारखं 'कुंदा डी. राऊळ' लिहिलेलं होतं. "हा डी म्हणजे?"

"वडिलांचं नाव. आमच्यात मधे वडिलांचं लावतात."

"अर्थ काय त्याचा?"

"काही नाही," मी म्हटलं. "जुनं नाव आहे."

मी खोटं बोलले होते. माझ्या वडिलांचं नाव धोंडू. शाळेत मुलं मला धोंड्याची चेडू, म्हणजे धोंड्याची पोर, म्हणायची, आणि पाटीवर दगड ठेवून हसायची. नोकरी लागली त्या दिवसापासून मी तो डी लिहायला लागले. माझ्या शाळेतली नावाची पाटी वडिलांनी एकदा पाहिली होती. त्यांना इंग्रजी येत नसे. "ह्यां मधला काय गो?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तुमचंच नाव, थोडक्यात. ते म्हणाले, "बरा." आणि छत्री उघडून घरी गेले.

त्यांचं नाव तसं का ठेवलं ते मला ठाऊक होतं. त्यांच्या आधीची चार भावंडं गेलेली. ते जन्मले तेव्हा त्यांना शेताच्या बांधावरच्या एका दगडापाशी ठेवून त्यांच्या आईने यमाला ऐकू जावं म्हणून मोठ्याने सांगितलं, हे मूल नव्हे, धोंडा आहे. हे मला माहीत होतं, तरी त्या नावाची लाजच वाटत आली होती. एक जिना चढायला त्या दिवशी मला वेळ लागला.

बाब अल बहरीन

डिसेंबरात वेराबरोबर बाजारात गेले. बाब अल बहरीनची कमान ओलांडली की गल्ल्याच गल्ल्या. सोन्याची दुकानं एका रांगेत, आणि त्यांच्यासमोर कोकणातली, केरळची, पाकिस्तानातली माणसं काचेला नाक लावून उभी. मीही नाक लावलं नाही असं नाही. पण माझा जास्त वेळ मासळीकडे गेला. आपली इसवण तिथे मिळते. तिला चनाद म्हणतात. कोळ्याने एक टोलेजंग मासा उचलून दाखवला आणि मला हिंदीत म्हणाला, "बाई, रत्नागिरी?" मी म्हटलं, "सिंधुदुर्ग." त्याला फरक कळला नाही, पण मासा चांगला कापून दिला.

लोकरीच्या दुकानात वेराने पिवळी लोकर उचलली, बाळासाठी. मी तिचा हात धरला आणि विजूच्या आधीच्या दोन मुलांचं सांगितलं. ती लोकर जागेवर ठेवून बाहेर आली. रस्त्यात म्हणाली, "आमच्याकडेही जन्माआधी काही आणत नाहीत. मला आठवायला हवं होतं."

इस्पितळ

विजू पाच-सहा आठवडे आधीच बाळंत झाली. मुलगा. जेमतेम ओंजळीत मावेल एवढा. त्याला काचेच्या पेटीत ठेवलं, नाकात नळी, पायाला चिठ्ठी. चिठ्ठीवर लिहिलेलं: विजयाचं बाळ.

त्या कक्षात सिस्टर फिलोमिना होती, वसईची. विजूला आमची भाषा बोलणारं माणूस भेटलं हे त्या दिवसांतलं मोठं नशीब. ती पेटीच्या भोकातून हात घालून बाळाला वळवायची आणि आमच्याशी बोलत राहायची. "बाय, तू त्याच्याशी बोल. त्याला सगळं कळते. मी बारा वर्षं बघते ना."

विजू बोलत नसे. ती फक्त काचेतून त्याच्या छातीकडे बघायची.

सुधाकरची शिफ्ट असली की रिस्तो आम्हाला गाडीतून सोडायचा. रोज दुपारी वेरा डब्यात सूप द्यायची. नावाचा कागद इस्पितळात भरायचा होता. सिस्टरने दोनदा आठवण केली. विजूचं एकच उत्तर, "जगलो तर ठेवू."

नवव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला आम्ही पेटीजवळ असताना बाळाचा श्वास थांबला. मला आधी काही कळलंच नाही; विजूला कळलं. तिने सिस्टरला हाक मारली, ती हाक अजून माझ्या कानात आहे. फिलोमिनाने बाळाच्या तळपायांवर टिचक्या मारल्या, पाठ चोळली, डॉक्टर धावत आले, आम्हाला बाहेर काढलं. काही वेळाने दार उघडलं आणि सिस्टर म्हणाली, "घेतोय श्वास." दुपारी पुन्हा एकदा तसंच झालं, आणि पुन्हा तो परत आला.

परतीच्या गाडीत विजू नव्हती; ती तिथेच थांबली. मी रिस्तोशेजारी बसले होते. मी म्हटलं, "तुम्ही माझ्या वडिलांच्या नावाचा अर्थ विचारला होता. मी सांगितला नाही. धोंडू म्हणजे दगड." आणि बांधावरची ती सगळी हकिगत त्याला सांगितली, माझ्या पाटीवरच्या डीसकट.

त्याने गाडी कडेला घेतली.  "म्हणजे तुमची आजी आणि माझी पणजी," तो म्हणाला, "एकच काम करून गेल्या." मग म्हणाला, "हे तुम्ही बहिणीला सांगितलंय का?"

विजूला ठाऊक नव्हतं. ती माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. आजी गेली तेव्हा ती पाळण्यात होती. दुसऱ्या दिवशी सकाळी काचेच्या पेटीजवळ बसून मी तिला दोन्ही गोष्टी सांगितल्या, पुलावरच्या त्रायकोची आणि बांधावरच्या धोंडूची. ती बाळाकडे बघतच ऐकत होती. मध्येच तिने विचारलं, "बाबांका ह्यां म्हायत होता?"

"होतं."

"आणि तू डी लिवायचंस."

"हो," मी म्हटलं.

 ती खुर्चीतून उठली, पेटीच्या भोकातून पहिल्यांदाच स्वतः हात आत घातला, आणि बाळाच्या छातीवर दोन बोटं टेकवून हळू म्हणाली, "धोंडू."

मी तिला समजवायला लागले. म्हटलं, हे लाडाचं घरातलं नाव ठेव, कागदावर दुसरं घाल. शाळेत मुलं छळतील, मी भोगलंय.

"हंयच्या शाळेत धोंडू म्हणजे काय ता कोणाक कळतला?" विजू म्हणाली. "त्रायको म्हणजे काय ता तुका तरी कळलेला? सांगीपर्यंत ता नुसता नाव."

संध्याकाळी सुधाकर आला, तेलाच्या डागांच्या कपड्यांतच. मला वाटलं तो नाही म्हणेल. त्याने काचेला कपाळ टेकलं आणि तो म्हणाला, "सासऱ्याचा नाव माझ्या पोराक? माझी आवस, हिची सासू, माका घरात घेवची नाय." मग डोळे पुसले. "ठेवया. तिका मी बघतंय."

कागद मी भरला, अक्षर माझं बरं म्हणून. खिडकीपलीकडे एक पोक्त बहरीनी गृहस्थ होते, पांढऱ्याशुभ्र झग्यातले. त्यांना मुंबईची हिंदी चांगली यायची. त्यांनी नाव दोनदा वाचलं.

"धोंडू. मतलब क्या?"

 या वेळी मी स्पष्ट सांगितलं, "पत्थर."

"सख्र," ते म्हणाले आणि मान डोलावली. "हमारे में भी है. मेरे चाचा का नाम सख्र. मजबूत नाम है." आणि त्यांनी ते अरबी अक्षरांत उजवीकडून डावीकडे सावकाश लिहिलं. माझ्या वडिलांचं नाव असं कोणी आदराने लिहिताना मी पहिल्यांदा पाहत होते. मी खिडकीपासून लवकर हललेच नाही. मागच्या माणसाला मला बाजूला व्हा म्हणून सांगावं लागलं.

बुसैतीन

अठराव्या दिवशी बाळ घरी आलं. वेराने जिन्यात त्याच्या दिशेने तीनदा थू थू केलं, नजर लागू नये म्हणून, आणि मनगटाला लाल दोरा बांधला. मी काजळाची तीट लावली. चाळीस दिवस बाळंतिणीने घराबाहेर पडायचं नाही, असं वेराचं म्हणणं. सव्वा महिना, असं माझं. हिशेब बहुतेक जुळला.

विजू मात्र घरातही बाळाला खाली ठेवत नव्हती. जेवताना, न्हाताना, झोपेतसुद्धा तिचा एक हात त्याच्या छातीवर. कोणाला द्यायची नाही. मलाही नाही, मी फक्त दुपटी धुवायची. तिची पाठ दुखायची, डोळ्यांखाली काळं झालं होतं. सुधाकर म्हणायचा, "अगो, तो धोंडो असा, पळान नाय जाणा." ती हसायची आणि हात तिथेच ठेवायची.

माझ्या परतीच्या आदल्या शुक्रवारी सगळे बुसैतीनच्या किनाऱ्यावर गेलो. फेब्रुवारीतलं कोवळं ऊन होतं. ओहोटी लागलेली, लाकडी होड्या वाळूवर कलून पडलेल्या. आम्ही चटई घातली. मी इसवणीचं सुकं आणि तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या, वेराने आयवार आणि तंदूरातला खुबूस म्हणजे अरबी रोटी आणली होती. रिस्तोने भाकरीवर आयवार फासला आणि दोन खाल्ल्या. सुधाकर त्याला मालवणीत मासा कसा सोलायचा ते सांगत होता, तो त्याच्या भाषेत उत्तर देत होता, आणि दोघांचं छान चाललं होतं.

बाळ रडायला लागलं. आता रडणं चांगलं मोठं झालं होतं, होडीवरच्या कोळ्यानेही मान वळवली. "धोन्दू, धोन्दू," वेरा म्हणाली. तिला ड आणि द, ण आणि न सारखेच. तिने दोन्ही हात पुढे केले. आम्ही सगळ्यांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

विजूने त्याला तिच्या हातात दिलं.

मग विजू उठली, साडी घोट्याच्या वर खोचली आणि पाण्याकडे चालू लागली. पाणी लांब होतं. ओल्या वाळूत तिची पावलं उमटत गेली. घोट्यापर्यंत पाण्यात गेल्यावर ती वाकून शिंपले वेचू लागली. एक उचलायचा, उन्हात धरून बघायचा, टाकून द्यायचा, दुसरा उचलायचा. चेडू असताना वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर करायची तसं.

बाळ वेराच्या मांडीवर झोपून गेलं. सुधाकरने विजूला हाक मारायला तोंड उघडलं, मी त्याला मान हलवून थांबवलं. ती बराच वेळ तिथे होती. तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.